वेचणारा साप, फुटणाऱ्या विटा

सापविटांचा गेम बघणाऱ्याला फोडाफोडीचा वाटतो. खेळणाऱ्यालाही बरेच दिवस तसाच वाटतो आणि तोवर त्याचा स्कोअर एका जागी अडलेला असतो. गोळ्यांचा एक साप वर वर सरकत असतो, समोरून आकडे लिहिलेल्या विटा येत असतात आणि आपण एका अंगठ्याने सापाला डावी-उजवीकडे न्यायचं. विटेवर ७ लिहिलं असेल तर सात गोळे खर्ची पडतात आणि वीट फुटते. वाटेत सुटे गोळे पडलेले असतात, ते गिळले की शेपूट वाढते. गोळे संपले की खेळ संपला. यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव-कळंबकडच्या पानठेल्यावर संध्याकाळी एखाद्याच्या हातात हा गेम चालू असतो आणि मागे उभे असलेले दोघंतिघं ‘फोड बे, फोड!’ करत असतात. त्यांचं ऐकलं की माणूस हमखास मरतो. का मरतो, ते पुढे आकड्यांनीच दाखवतो.

आधी गेमचं खानदान. साप आणि विटा हे दोन्ही खेळ एकाच सालचे, १९७६चे. त्या वर्षी अमेरिकेत अटारी कंपनीचा, चेंडूने विटांची भिंत फोडायचा ‘ब्रेकआउट’ आला आणि ग्रेमलिन कंपनीचा ‘ब्लॉकेड’. ब्लॉकेडमध्ये दोन खेळाडू आपापल्या मागे भिंत सोडत जायचे आणि जो भिंतीवर आदळला तो हरला. त्याच कल्पनेचा साप होऊन तो १९९७ साली नोकियाच्या ६११० या फोनवर आला. तो लिहिणारा तानेली अर्मान्टो हा नोकियाचाच फिनलंडचा इंजिनीअर. आपल्याकडे मात्र साप ओळखीचा झाला तो २००३ साली आलेल्या टॉर्चवाल्या नोकिया ११०० मुळे. धुळीला दाद न देणारा रबरी कीपॅड, रात्री ओलिताला जाताना कामी येणारी टॉर्च आणि मोकळ्या वेळात साप. २, ४, ६, ८ ही बटणं दाबून ज्यांनी तो फिरवला, त्यांची बोटं आजही नव्या सापाला वळवताना जागच्या जागी दाबायला बघतात. इथे दाबायचं नसतं, सरकवायचं असतं. जुन्या खेळाडूचा पहिला घोळ इथेच होतो.

ब्रेकआउटमध्ये विटांच्या ८ ओळी, ओळीत १४ विटा, म्हणजे एका भिंतीत ११२. खालच्या दोन ओळी पिवळ्या, १ गुणाच्या. मग हिरव्या ३ च्या, नारिंगी ५ च्या आणि सगळ्यात वर लाल ७ च्या. एक भिंत साफ केली की ४४८ गुण. भिंती दोनच मिळायच्या, म्हणून जास्तीत जास्त ८९६. पडदा खरं तर काळा-पांढराच होता. त्यावर रंगीत सेलोफेनच्या पट्ट्या चिकटवलेल्या असत, त्यामुळे विटा रंगीत दिसत.

या दोघांची सांगड घालून फ्रान्सच्या व्हूडू कंपनीने २०१७ साली ‘स्नेक व्हर्सेस ब्लॉक’ काढला आणि त्यानंतर नकलांची रांग लागली. करणाऱ्याचं डोकं दिसतं ते एका गोष्टीत: दोन्ही जुन्या खेळांतला एकेक नियम त्याने उलटा फिरवला. जुन्या सापाला शेपूट म्हणजे ओझं. जितकी लांब तितकी स्वतःलाच अडवणारी. इथे शेपूट ही शिल्लक आहे. ब्रेकआउटचा चेंडू कितीही विटा फोडून तसाच राहायचा. इथे ठोकणारा प्रत्येक गोळा संपतो. हा फरक डोक्यात बसला नाही तर माणूस नोकियाच्या सवयीने शेपटीला भितो आणि ब्रेकआउटच्या सवयीने विटेला भिडतो. दोन्ही नुकसानीचंच.

आता हिशेब. बहुतेक आवृत्त्यांत एका ठोक्याला एक गोळा जातो आणि स्कोअर एकने वाढतो. म्हणजे स्कोअर हा खर्च झालेल्या गोळ्यांचा आकडा झाला. खेळ संपतो तेव्हा सापाकडे एकही गोळा उरलेला नसतो. सुरुवातीला मिळालेले आणि वाटेत वेचलेले, सगळे कुठल्या ना कुठल्या विटेवर गेलेले असतात. तर मग अखेरचा स्कोअर म्हणजे सुरुवातीचे गोळे अधिक वेचलेले गोळे. वीट तीनची फोडली का तीसची, याचा त्या आकड्याशी काही संबंध नाही.

तीसची वीट फुटली की स्कोअर झर्रकन तीसने वर जातो आणि मागचे ओरडतात. पण ते तीस गुण शेपटीत आधीच बसलेले होते, आज ना उद्या मिळणारच होते. त्याच तीस गोळ्यांत तीनच्या दहा विटा फुटल्या असत्या, दहा ओळी पार झाल्या असत्या आणि त्या दहा ओळींच्या मधले गोळे पदरात पडले असते. मोठी वीट गुण देत नाही, गुण मिळवण्याची पुढची संधी खाते. कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते, किती ओळी फिरलो त्यावर नाही. इथलं गणित नेमकं तेच आहे.

याला एक अपवाद. काही आवृत्त्यांत एखाद्या विटेवर चांदणी असते. ती वीट फोडली की थोडा वेळ सापाचे गोळे न घटता विटा फुटत जातात आणि स्कोअर मात्र वाढतो. ते गुण खरोखर फुकटचे. त्या वेळात नियम उलटा करायचा: पडद्यावरची सगळ्यात मोठी वीट शोधायची आणि तिच्यावर जायचं. लहान विटा फोडत बसलात तर चांदणी वाया गेली. पण चांदणीची वीटच तीस-चाळीसची असेल आणि शेपूट जेमतेम तेवढीच असेल, तर तिच्या नादी लागू नये. पोचायच्या आधीच खलास.

पट्टा निवडण्याचं एक उदाहरण घेऊ. पडदा पाच पट्ट्यांचा असतो. अधूनमधून पाचही पट्टे भरलेली पूर्ण ओळ येते आणि तिच्यातली एक तरी वीट फोडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. समजा शेपूट १२ आहे आणि ओळ आली ३, १८, ७, २५, २. अठरा आणि पंचवीस बाद. उरल्या ३, ७ आणि २. कोणीही दोनची धरेल. पण ओळीच्या मागे पाहा. दोनच्या मागे काहीच नाही. तीनच्या मागे एकचा गोळा आहे. सातच्या मागे पाचचा आणि चारचा असे दोन गोळे आहेत. (गोळ्यांवरही आकडा असतो, पाचचा गोळा म्हणजे शेपटीत पाच.) आता वजाबाकी-बेरीज करा. दोनची फोडली तर १२ वजा २, उरले १०. तीनची फोडली तर ९ अधिक १, पुन्हा १०. सातची फोडली तर ५ अधिक ९, झाले १४. सातचीच वीट स्वस्त. विटेवरचा आकडा ही नुसती छापील किंमत असते. खरी किंमत मागचे गोळे वजा करून निघते.

हीच ओळ शेपूट ८ असताना आली तर? सातची फोडून १ उरतो, मग ९ मिळून १० होतात. दोनची फोडली तर ६. कागदावर अजूनही सातचीच सरस. पण त्या एका गोळ्यावर असताना पाचच्या गोळ्याआधी मध्ये एखादी सुटी वीट आडवी आली, किंवा अंगठा अर्ध्या पट्ट्याने चुकला, तर तिथेच खेळ संपतो. म्हणून आमचा ठोकताळा असा: वीट फोडल्यावर हातात निदान तीन गोळे उरले पाहिजेत. त्याच्या खाली उतरायचं ते दुसरा मार्गच नसेल तेव्हा. आणि शेपटीइतक्याच आकड्याची वीट असेल तर ती शेपटीपेक्षा मोठीच धरायची. बरोबरीला भिडणाऱ्याला ‘अबे, कायले भिडला तिले?’ असं ऐकावंच लागतं.

हे सगळं चालत्या पडद्यावर कसं मोजायचं, असा प्रश्न येतो. उत्तर नजरेत आहे. नवीन खेळणारा सापाच्या डोक्याकडे पाहतो. डोक्याकडे पाहून काही कळत नाही, ते कुठे आहे हे अंगठ्याला ठाऊक असतं. नजर पडद्याच्या वरच्या एकतृतीयांश भागात ठेवायची, कारण पुढची ओळ तिथून उतरते. ओळ दिसली की आधी सगळ्यात लहान आकडा शोधायचा, मग त्याच्या शेजारचा. एवढे दोन पट्टे लक्षात ठेवून साप त्या बाजूला न्यायला लागायचं. ओळ मध्यावर आली की तिच्या मागचे गोळे दिसायला लागतात, तेव्हा दोघांतला एक पक्का करायचा. पाचही आकडे वाचत बसलात तर वेळ पुरत नाही.

आणखी एक सोय आहे, ती पुष्कळांच्या लक्षात येत नाही. साप विटेला ठोके देत असतो तेव्हा पडदा पुढे सरकत नाही. सातच्या विटेला सात ठोके पडेपर्यंत मागचं सगळं जागच्या जागी उभं असतं. तोच वाचायचा वेळ. ठोके मोजत बसू नका, वर पाहा. या थांबण्यामुळे मोठ्या विटेचा एक फायदा कबूल करावा लागतो: विचार करायला वेळ जास्त मिळतो. पण वेळ विकत घेण्यासाठी वीस गोळे ही किंमत फार झाली.

ठोके चालू असताना साप बाजूला सरकवता येतो आणि वीट अर्धवट सोडून देता येते. चुकून मोठ्या विटेवर गेलात तर जीव वाचवायला हे बरं, मुद्दाम करण्यात मात्र अर्थ नाही. वीसच्या विटेचे आठ ठोके देऊन निघून आलात, तर आठ गोळे गेले आणि वाट उघडलीच नाही.

मग उभ्या रेघा. पट्ट्यांच्या मध्ये कुठे कुठे बारीक रेघ असते. ती फोडता येत नाही आणि ओलांडताही येत नाही. दोन रेघांच्या मध्ये शिरलात की रेघा संपेपर्यंत तोच पट्टा. नवशिक्यांचे बहुतेक गेम रेघांमुळे संपतात. विटेचा आकडा मोठा रंगीत असतो, रेघ पांढरी बारीक, ती दिसतच नाही. उन्हात तर अजिबात नाही. साप गोळ्याच्या मोहाने रेघांच्या बोळीत शिरतो आणि बोळीच्या दुसऱ्या टोकाशी बाविसाची वीट उभी असते. म्हणून गोळा दिसला की आधी त्याच्या दोन्ही बाजूंना रेघ आहे का आणि ती कुठपर्यंत जाते, हे पाहायचं. रेघ पूर्ण ओळीपर्यंत पोचत असेल तर त्या पट्ट्याची वीट आणि तो गोळा हा एकच सौदा समजायचा. गोळा तीनचा आणि वीट दोनची, तर जा. गोळा पाचचा आणि वीट बावीसची, तर त्या गोळ्याकडे पाहूही नका.

विटेच्या बाजूला साप घासला तर बहुतेक ठिकाणी गोळा जात नाही, नुसता अडतो. पण डोकं दोन विटांच्या सांध्यावर आलं की नको ती वीट धरली जाते. दोन आणि पंचवीस शेजारी असतील तर दोनच्या पट्ट्याच्या मधोमध शिरा, पंचविसाच्या बाजूने झुकून नको.

अंगठ्याबद्दल. बोट सापावर ठेवायचं नाही, पडद्याच्या अगदी तळाशी रिकाम्या जागेत ठेवायचं. बहुतेक आवृत्त्यांत बोट जितकं सरकेल तितका साप सरकतो, बोट कुठे आहे याला महत्त्व नसतं. पण काही नकलांत साप थेट बोटाच्या रेषेत उडी मारतो. अशा गेममध्ये बोट उचलून दुसरीकडे टेकवलं की साप तीन पट्टे ओलांडून भलत्याच विटेवर जातो. नवीन गेम टाकला की पहिल्या डावात एवढंच तपासून घ्या: बोट उचला, दुसरीकडे टेकवा, साप हलला का? हलत असेल तर त्या गेममध्ये डाव संपेपर्यंत बोट उचलायचं नाही. तळाशी बोट ठेवताना आणखी एक अडचण येते. ज्या फोनांत खालची तीन बटणं जाऊन सरकवण्याची पद्धत आली आहे, त्यांत बोट अगदी काठावरून वर सरकलं की गेम बंद होऊन होम स्क्रीन येते. काठापासून बोटभर वर राहा, किंवा सेटिंग्जमध्ये जाऊन तीन बटणांची पद्धत परत लावा.

आमच्याकडे बोटाचाच प्रश्न वेगळा आहे. वेचणीच्या दिवसांत वाळलेल्या बोंडाची टोकं बोचून बोटांची पेरं खरखरीत होतात. निंदण-वखरण करणाऱ्याच्या अंगठ्याला घट्टा असतो. फोनचा पडदा बोटाच्या दाबावर चालत नाही, त्वचेतून जाणाऱ्या अगदी सूक्ष्म विद्युतभारावर चालतो. कोरड्या, जाड कातडीतून तो नीट जात नाही. म्हणून म्हाताऱ्या माणसाने बोट फिरवलं तर साप मध्येच थांबतो आणि मग तो जोर लावून दाबतो. जोराने काही होत नाही. अंगठ्याचं टोक न वापरता मऊ बाजू आडवी टेकवली की काम होतं, कारण जास्त जागा टेकते. काही फोनांत सेटिंग्जच्या डिस्प्लेमध्ये ‘टच सेन्सिटिव्हिटी’ नावाचं बटण असतं, ते मुळात जाड काच लावणाऱ्यांसाठी असलं तरी इथेही उपयोगी पडतं. उलट उन्हाळ्यात अंगठा घामेजला की पडद्याला एकाच्या जागी दोन बोटं वाटतात आणि साप झटके देतो. सुती फडक्याने पडदा आणि बोट दोन्ही पुसून घ्यायचं, हवं तर अंगठ्याला चिमूटभर टाल्कम पावडर. गोळीबाराचे गेम खेळणारी पोरं अंगठ्याला घालायचे पातळ मोजे ऑनलाइन मागवतात. त्यांत वीज वाहणारा धागा विणलेला असतो. ते या सापालाही चालतात.

सोयाबीनची मळणी चालू असताना कुटाराची (भुशाची) बारीक धूळ पडद्यावर बसते. ती हाताने पुसली तर काचेवर बारीक ओरखडे पडतात, आधी फुंकर मारा. तालुक्याच्या ठिकाणी टेम्पर्ड काच बसवून मिळते, पण बसवताना आत धूळ राहिली की त्या जागी फुगा धरतो आणि तेवढ्या भागात बोट लागत नाही. फुगा तळाशी, नेमका अंगठ्याच्या जागी असेल तर काच बदलून घेण्यावाचून इलाज नाही.

आता उष्णता. मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांच्या वर जातो. अ‍ॅपल आपल्या फोनसाठी ० ते ३५ अंश हवामान सांगते. बाकीच्यांचे फोनही काही भट्टीत चालायला केलेले नसतात. फोन तापला की आतला प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. गेम एरवी सेकंदाला ६० चित्रं दाखवत असेल तर एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. वेग अर्ध्यावर आला की ३३. सापाची चाल तीच राहते, चित्रं मात्र कमी होतात, म्हणजे साप सरकत न जाता टुणटुण उड्या मारत जातो. तुम्ही पट्टा बदलला असं तुम्हाला वाटतं तेव्हा पडद्यावर तो अजून आधीच्याच पट्ट्यात असतो. सोबत पडद्याचा उजेडही फोन आपोआप कमी करतो. दुपारी बारा ते चार टिनाच्या छपराखाली खेळून स्कोअर होत नाही, हे पक्कं समजा. फोन तापला असेल तर मागचं कव्हर काढून सावलीत पालथा ठेवा. माठाच्या ओल्या फडक्यात गुंडाळू नका, आणि फ्रीजमध्ये तर मुळीच ठेवू नका; आत दव धरतं आणि फोन कायमचा जातो.

चार्जिंगला लावून खेळणं हा दुसरा घात. त्याने फोन तापतो हे एक, पण खरं कारण वेगळंच आहे. हलक्या चार्जरमधून विजेचा जो गोंगाट पडद्यापर्यंत येतो, तो पडद्याला बोटासारखा वाटतो. साप थरथरतो, कधी आपोआप एका कडेला जातो. गावात व्होल्टेज कमी-जास्त होत असलं की हे जास्तच. पडदा बिघडला म्हणून लोक दुकानात घेऊन जातात आणि तिथे फोन बरोबर चालतो, कारण तिथे तो चार्जिंगला नसतो. पिन काढली आणि साप सरळ झाला, तर दोष चार्जरचा.

गेम टाकताना नावापेक्षा परवानग्या पाहाव्यात. सापाला तुमचे एसएमएस वाचायचं कारण नाही, कॉन्टॅक्टही नकोत, लोकेशनही नको. मागत असेल तर काढून टाका. व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी ‘जाहिरात नसलेला साप’ म्हणून फाइल पाठवली तर ती उघडूच नका. त्याच फोनमध्ये यूपीआय असतं, त्याच नंबरवर बँकेचा ओटीपी येतो. प्ले स्टोअरवरून टाकल्यावर फोन फ्लाइट मोडवर घालून गेम उघडून पाहा. तसाच उघडला आणि खेळता आला तर ठेवण्यासारखा. फ्लाइट मोडवर जाहिराती येत नाहीत, डेटा जात नाही, फोनही कमी तापतो. एक गोष्ट हातची जाते: मेल्यावर ‘व्हिडिओ पाहा आणि पुन्हा उठा’ हे बटण चालत नाही. जाऊ द्या. जाहिरातीतली फुली नखाएवढी असते, ती दाबायला जावं आणि भलतंच अ‍ॅप उतरू लागतं. काही नकला जाहिराती काढण्यासाठी आठवड्याची वर्गणी मागतात. तो पडदा नीट वाचल्याशिवाय पुढे दाबू नका, आठवड्याची रक्कम वर्षभराची केली की केवढी होते ते मनात मोजा.

फ्लाइट मोड नको असेल तर निदान ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा. कॉलची पट्टी पडद्याच्या वरच्या बाजूला येते आणि पुढची ओळ नेमकी त्याच पट्टीखाली लपते. फोन उचला किंवा न उचला, डाव गेलाच.

पोराच्या हातात वडिलांचा फोन जाणार असेल तर अ‍ॅप पिन करून द्यावं. अँड्रॉइडमध्ये ही सोय ५.० या आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून आहे. सेटिंग्जमध्ये सुरक्षेच्या पानावर ‘अ‍ॅप पिनिंग’ किंवा ‘स्क्रीन पिनिंग’ चालू करायचं, पासवर्ड विचारण्याची खूणही लावायची. मग गेम उघडून अलीकडच्या अ‍ॅपच्या यादीत जायचं, गेमच्या चिन्हावर दाबून ‘पिन’ निवडायचं. आता पोराला गेममधून बाहेर पडता येत नाही, पैशाच्या अ‍ॅपकडेही जाता येत नाही.

जागलीला जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. मचाणावर बसून रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) हाकलायला रात्र जागायची, तेव्हा हा गेम झोप उडवायला बरा आहे. पण उजेडाचा पडदा पाहून लगेच अंधारात नजर टाकली तर काही मिनिटं धुऱ्यावर (बांधावर) उभं जनावर दिसत नाही. ब्राइटनेस तळाला ठेवा, आवाज बंद ठेवा म्हणजे पऱ्हाटीतली (कपाशीतली) खसखस ऐकू येते, आणि बॅटरी ३० टक्क्यांवर आली की गेम बंद. टॉर्च त्याच फोनची आहे.

शेवटी शर्यतीचं. पोळ्याच्या करीच्या दिवशी शेतात कोणी जात नाही, पारावर फोन फिरतो आणि स्कोअरवरून वाद होतात. वाद टाळायचा तर एवढं ठरवून घ्या. सगळ्यांनी एकाच फोनवर खेळायचं, कारण मोठ्या पडद्यावर बोटाला जागा जास्त मिळते आणि नव्या फोनवर साप गुळगुळीत चालतो. फोन फ्लाइट मोडवर, चार्जरशिवाय. प्रत्येकाला तीन डाव, त्यातला सर्वांत मोठा धरायचा. बेरीज धरली तर एका रेघेने मेलेला डाव सगळं बुडवतो. चांदणीवाली आवृत्ती शर्यतीला नको, कारण चांदणी कोणाला किती मिळाल्या यावरच निकाल लागतो. खेळणाऱ्याच्या मागे उभं राहून पट्टा सांगायचा नाही. ‘वर पाह्य’ एवढं म्हटलेलं चालेल. डाव संपला की पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकदम दाबून स्क्रीनशॉट घ्यायचा, कारण काही गेम फक्त सर्वांत मोठा स्कोअर ठेवतात आणि बाकीचे पुसतात. दोघांचा स्कोअर सारखा आला तर दोघांनी आणखी एकेक डाव खेळायचा, त्यांच्या आधीच्या, कमी स्कोअरच्या डावांवरून निकाल लावायला जाऊ नये. तिथेच भांडणं होतात.